पिवळी रेघ

“हात काढा, जावईबापू. पिवळा नट आहे तो,” अण्णा म्हणाले.

जावयाने पाना मुकाट्याने खाली ठेवला. त्याचं औषधांचं दुकान होतं. शर्यतीत तो बायकोच्या शेजारी बसून पुढची वळणं सांगायचा आणि एरवी सासऱ्याची बोलणी खायचा. “तसं नाही हो मामा. हा नवीन पाना आहे ना, नट पुरेसा आवळला की टक् करतो. अंदाजाचं कामच नाही.”

“आणि इतकी वर्षं आम्ही काय, डोळे मिटून नट फिरवत होतो?”

वेल्डर खदखदून हसला. त्याला सगळे फटाका म्हणत, कारण वेल्डिंग करताना ठिणग्या उडायच्या आणि ते बंद असलं की तोंडातून विनोद. “मामांचा हातच टक् करतो. फक्त आपल्याला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. अण्णाही हसले, पण डावा हात त्यांनी हळूच उजव्या मनगटावर ठेवला होता.

घरामागची ती शेड एके काळी अण्णांची पंपदुरुस्तीची जागा होती. आता तिथे एकच दुखणेकरी असायचा, तो म्हणजे ही गाडी. भंगारात निघालेली जुनी जीप. फटाक्याने तिला जाड पाइपांचा पिंजरा जोडला, अण्णांनी इंजिन उभं केलं, आणि ती पळवायची अण्णांच्या लेकीने. लेक एरवी लोकांना गाडी चालवायला शिकवी. दिवसभर दुसऱ्यांना “हळू, हळू” म्हणून जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती दगडधोंड्यांतून, चिखलातून जीप उधळायची. जिंकणं क्वचितच. धड परत आले की चौघांनाही जिंकल्यासारखं वाटायचं. मग पुढच्या शर्यतीपर्यंत गाडी उघडायची, वाकलेलं सरळ करायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायचं.

जोडण्याचा नियम अण्णांचा. सुरुवातीच्या एका शर्यतीत मागचं चाक निखळून गाडीच्या आधी पुढे पळालं होतं. याला वाटलं त्याने आवळलंय, त्याला वाटलं याने. तेव्हापासून अण्णा ताकही फुंकून पीत. ज्याने नट आवळला त्याने त्यावर रंगाची रेघ ओढायची, नटावरून थेट खालच्या पत्र्यापर्यंत. अण्णांची पिवळी, फटाक्याची पांढरी. रेघ सरळ असेल तर नट जागच्या जागी आहे. मोडली असेल तर तो फिरलाय. आणि एकाच्या रेघेला दुसऱ्याने हात लावायचा नाही. चारी चाकांचे नट पिवळे होते. ज्या गाडीत आपली पोर बसते तिची चाकं बापाने नाही आवळायची तर कोणी?

आताशा मात्र अण्णांच्या बोटांना मुंग्या येत. आधी करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोट. कपबशी हातातून दोनदा निसटली तेव्हा त्यांनी बशीला शिव्या दिल्या. शर्टाची बटणं बायको लावून देई. “अहो, एकदा दाखवून या ना डॉक्टरला,” ती म्हणायची. अण्णा म्हणायचे, “काय दाखवू? हात?” झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरने ‘आता पाना धरू नका’ म्हटलं तर त्या शेडमध्ये आपण कशासाठी जायचं, हा प्रश्न त्यांना बधिर बोटांपेक्षा जास्त छळत होता.

शर्यतीहून आल्यावर गाडी धुण्याचं काम लेक स्वतःच करायची. पोरीचा गाडीवर जीव आहे, असं अण्णा कौतुकाने सांगत. या वेळी तिच्याकडे शिकणाऱ्यांची परीक्षा होती, त्यामुळे चिखल तसाच वाळत पडला. एका दुपारी अण्णांनाच राहवलं नाही. त्यांनी पाइप लावला, गाडीवर पाणी मारलं आणि पुढच्या चाकावरचा चिखल ओघळून खाली आला.

रेघ मोडली होती.

अण्णांची पाचावर धारण बसली. दुसरा नट पाहिला, तिसरा पाहिला. एकही रेघ सरळ नव्हती. सैल चाकांवर पोर अख्खी शर्यत धावली! ते पाण्यातच खाली बसले. मग चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. सैल झालेला नट डावीकडे सरकतो. हे सगळे उजवीकडे सरकले होते, काही थोडे, काही चांगले पाव फेरा. त्यांच्यामागून कोणीतरी ते आवळले होते.

संध्याकाळी लेक शेडमध्ये शिरली आणि स्वच्छ गाडी पाहून दारातच थबकली.

“तुम्ही कशाला धुतलीत, अण्णा? मी करणार होते ना.”

“तू आवळतेस माझ्यामागून?”

ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी राहिली, लहानपणी फ्रॉकचं टोक गुंडाळायची तशी.

“कधीपासून?”

“त्या डोंगरावरच्या शर्यतीपासून. सकाळी तुम्ही चहाला गेलात की. मग गाडी धुताना परत सैल करून रेघा जुळवून ठेवायचे.”

डोंगरावरची शर्यत अण्णांना चांगली आठवत होती. ती मध्येच थांबली होती. पोट दुखलं म्हणाली. हातातली शर्यत गेली म्हणून ते चारचौघांत तिच्यावर ओरडले होते, पोट सांभाळता येत नसेल तर घरी बस म्हणून. ती मान खाली घालून ऐकत होती. जावई काही बोलायला गेला तर तिने त्याचा हात धरला होता.

“म्हणजे पोट...”

“चाक हलत होतं, अण्णा. ह्यांनी उतरून आवळलं.”

 आपल्या हातांनी त्या दिवशी पोर गेली असती, आणि वर आपण तिलाच बोललो होतो. “सांगितलं का नाहीस मला?”

“काय सांगू? तुमचे हात गेले म्हणून सांगू? मला नाही येत तसं बोलता.”

 अण्णा चिडून म्हणाले, “बरं, आवळलंस ते आवळलंस. मग जुनी रेघ पुसून नवी सरळ का नाही ओढलीस? मला पत्तासुद्धा लागला नसता!”

“तुमची रेघ पुसायची?” तिचा आवाज फाटला. “दोनदा कापड घेतलं होतं हातात. नाही जमलं मला.”

“अगं वेडे, मोडकी रेघ म्हणजे सैल नट! फटाक्याने पाहिलं असतं तर काय समजला असता? गाडीने खोटं बोलता कामा नये, एवढं तरी शिकलीस ना माझ्याकडून?” ते ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांना सुचलंही नाही.

मग त्यांनी थिनरची बाटली काढली, चिंधी भिजवली आणि पहिल्या चाकाशी बसले. लेक म्हणाली, “राहू द्या ना, अण्णा. मी करते.” ते म्हणाले, “माझी रेघ आहे, मीच पुसणार.” एकेक नट त्यांनी घासून काढला. पिवळा रंग चिवट होता. चिंधी बोटांतून सुटायची, ते ती पुन्हा उचलायचे. लेक शेजारी उकिडवी बसून पाहत होती, आणि त्यांनी एकदाही तिला मदत मागितली नाही. चारी चाकं पुसून झाली तेव्हा ते म्हणाले, “जावईबापूंचा तो पाना आण आता.”

ती आवळत गेली, पाना टक् टक् करत गेला. शेवटी तिने पिवळ्या रंगाची डबी उचलली, तशी अण्णांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

“हा नाही. पिवळा म्हणजे मी. मी तर आवळले नाहीत.”

“मग? पांढरा तर फटाक्याचा. दुसरा रंग कुठाय इथे?”

तिने पर्स चाचपली आणि लाल नेलपेंटची बाटली काढली. अण्णांनी कपाळावर हात मारला. “वा! आता हळूहळू गाडीला बांगड्याही भरा.” दोघंही हसली, आणि हसता हसता लेकीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी फटाका आला. चाकांवरच्या लाल रेघांकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. “मामा, चहा मागवू का?” एवढंच तो म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी अण्णांना काम नव्हतं. फटाका आणि जावई गाडीखाली होते. ते जरा वेळ तिथे घुटमळले; दोनदा कोणाच्या तरी वाटेत आले. मग “मी जरा पाय मोकळे करतो” म्हणून टेकाडाकडे चालू लागले, जिथे दोरीपलीकडे बघे उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी लेकीला शर्यतीत गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. ते कायम खाली तंबूत, सुटं चाक मांडीशी घेऊन, गाडी परत यायची वाट पाहत बसलेले असत.

जीप ओढ्यात उतरली, पाणी उडालं, आणि समोरचा दगडी चढ ती अशी काही चढली की अण्णांचा श्वास वरच्या वर राहिला. चाकं दगड धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. वर येताच तिने एका झटक्यात वळण घेतलं आणि ती धुळीत दिसेनाशी झाली.

“काय चालवते हो बाई!” शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला. “आणि गाडीपण काय पक्की आहे! कोणी बनवलीय कोण जाणे.”

“घरच्यांनीच,” अण्णा म्हणाले.

भोवतीचे लोक टाळ्या वाजवत होते. अण्णांनीही दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. बोटांना काहीच कळलं नाही, पण आवाज होत होता, म्हणून ते वाजवत राहिले.