जानरावची आखडलेली बोटं

कारखान्याच्या बांधकामावरच्या आमच्या मजूर कॅम्पातल्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी सुटलेले मजूर अंगावरची सिमेंटची धूळ न झटकताच आले होते. मधोमध माझा धाकटा भाऊ जानराव बसला होता आणि त्याच्यापुढे दुर्गकडून आलेले महाराज धुपाटणं फिरवत होते. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीतले घरोघरचे देव टोपलीत भरून नदीत सोडणारे भाऊराव आज पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. मला ते पाहवेना.

नव्या भट्टीच्या मचाणावरून जानरावचा जोडीदार लहानू पडून मेला. तेव्हापासून मचाणाखाली नुसतं उभं राहिलं तरी जानरावचं काळीज धडधडे, श्वास कोंडे, आता आपण मरतो असं वाटे.

"जोर से सांस ले बेटा, और जोर से," महाराज गरजले. "तुम्ही जुना देव सोडला, भट्टीसाठी इथली गावदेवी जागेवरून उठवली. वही पकडके बैठी है."

जानराव भात्यासारख्या धापा टाकू लागला. हातांना मुंग्या आल्या, बोटं आखडली. लोक महाराजांच्या पाया पडू लागले.

"लहानूचा हात तुझ्याच हातातून निसटला ना? देवीने तोच हात धरलाय."

जानराव ढसाढसा रडला. हे त्याने मलाही, सख्ख्या बहिणीलाही, सांगितलं नव्हतं.

"हा गंडा बांध. उद्या कमरेला सुरक्षेचा पट्टा न लावता मचाणावर चढ. पट्टा लावलास तर देवी रुसेल."

आता माझं डोकं फिरलं. दवाखान्यातल्या डॉक्टर शैलाबाईंना मी सोबत आणलं होतं, त्यांना पुढे केलं.

"सगळ्यांनीच असा जोरात श्वास घ्या," त्या म्हणाल्या. लोकांना तोही विधीच वाटला.

"बाई, माह्याबी हाताले मुंग्या येऊन राहिल्या," शेजारची वच्छला घाबरून म्हणाली. भाऊरावांची तर बोटंच आखडली.

"एवढ्या जणांना एकदम देवी लागली का? फार धापा टाकल्या की रक्तातल्या वायूचं प्रमाण बिघडतं, म्हणून असं होतं. आता सावकाश श्वास घ्या."

बोटं सुटली. महाराज धुपाटणं तिथंच टाकून सटकले.

"जानरावला भीतीचा आजार आहे," शैलाबाई म्हणाल्या. "डोळ्यांदेखत मरण पाहिलं, झोप उडाली. आता धोका नसतानाही शरीर धोका समजतं. हे वेड नाही आणि भित्रेपणाही नाही. मनातलं बोलायचं, श्वास संथ ठेवायचा, पट्टा लावून थोडं थोडं वर चढायचं. वेळ लागेल, पण बरं होतं."

जानरावचं लक्ष भाऊरावांकडे होतं. "लहानूच्या हाताची गोष्ट मी फक्त तुमालेच सांगतली होती."

भाऊरावांनी मान खाली घातली. "तू बरा होशीन असं वाटलं, म्हणून महाराजाले सांगतलं. मलेबी तसंच धडधडते, जानराव. मी कधीचा जाऊन राहिलो त्याच्याकडं."

"मंग मले कावून नाई सांगतलं? दोघं मिळून दवाखान्यात गेलो असतो."



जानराव आता पट्टा लावून पुन्हा मचाणावर चढतो. भाऊरावांशी मात्र तो बोलत नाही, आणि मीही त्याला बोल म्हणत नाही. वाचकहो, काळीज धडधडलं तर डॉक्टरकडे जा. त्यात लाज कसली? पण कुणी भरवशाने आपली भीती तुमच्यापाशी उघडी केली, तर ती बुवाच्या हाती देऊ नका. त्या गंड्याच्या भरवशावर माझा भाऊ दुसऱ्या दिवशी पट्ट्याविना वर चढला असता.