बाभळीचा हात

"हिंव भरलंय का तुला? सुई धरलीयस, साप नाही."

समोरच्या खुर्चीत पेशंट नव्हता, आमची बाभळ बसली होती. दवाखान्यात रक्त घ्यायच्या खोलीची ही मुख्य. जवळ गेलं की ओरखडा ठरलेला, म्हणून बाभळ. तिचा एक हट्ट होता. नवीन आलेल्या प्रत्येकीनं पहिली सुई तिच्याच हाताला टोचायची, आणि शीर नीट सापडायला लागेपर्यंत पेशंटला शिवायचं नाही. माकडाच्या हाती कोलीत द्यायला मी खुळी नाही, म्हणायची.

माझ्याबरोबर लागलेल्या दोघी कधीच पेशंट घेऊ लागल्या होत्या. मी अजून तिच्याच हाताशी. नोकरी कच्ची, सासू रोज विचारणार पक्की झालीस का, आणि ही बाई चारचौघांत मला ठोंबी म्हणणार. कधी कधी वाटायचं, मुद्दामच खोल टोचावी. इतका मला तिचा राग यायचा.

दवाखान्याच्या साहेबांना तर ती डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी सरावासाठी रबरी हात आणला आणि माणसावर सराव करायला बंदी घातली. बाभळीनं तो रबरी हात कपाटावर फेकला. रबर कळवळत नाही, मग शिकणारीला कळणार काय, असा तिचा सवाल.

त्या दिवशी माझी सुई तिच्या शिरेत असतानाच साहेब दारात उभे राहिले. त्यांना आयतंच सापडलं. माझ्याशी ते अगदी गोड बोलले. ही बाई जबरदस्ती करते एवढं लिहून दे, आजच तुला पक्की करतो. नाहीतर दोघीही घरी बसा.

जिचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तिच्याबद्दल खरं तेच तर सांगायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"साहेब, हात मीच मागितला. त्या नको म्हणत होत्या."

"खोटं बोलू नकोस," बाभळ खेकसली. "आज माझ्यासाठी बोललीस, उद्या रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली की स्वतःसाठी बोलशील. साहेब, हात मी दिला. ही टोचते वाईट, पण समोरच्याला कळ आली की हिचं तोंड कसनुसं होतं. हिला पक्की करा."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"बरं." मग माझ्याकडे वळून, "काढ आता ती. नोकरी माझी गेलीय, शीर शाबूत आहे."

मी सुई काढली. तिच्या कोपराच्या खळीत आम्हा सगळ्याजणींनी केलेले डाग होते, काही निळे, काही पिवळे पडत आलेले. मला रडू आवरेना. तिनं कापूस दाबून हात दुमडला आणि दुसऱ्या हातानं पिशवी उचलायला गेली. मी पुढे होऊन ती घेतली, तर तिनं हिसकावली.

"बाहेर रांग आहे. डोळे पूस आणि पुढच्याला घे."

ती बाहेर पडली, हात तसाच दुमडलेला. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिला पेशंट समजून बाजूला सरकून वाट दिली.