सव्वीसवर ठेवलेली खोली

"आणि जावा बेटापुरती आपली विजेची राखीव क्षमता सध्या..." एवढं बोलून इबू विदुरी थांबल्या.

हा आकडा त्यांच्या जिभेवर असायचा. आल्यागेल्याला चहा विचारावा तितक्या सहज त्या तो सांगत. आज तो काही केल्या येईना. मान लाल झाली, कपाळावर घाम डवरला. त्यांनी टेबलावरचा बांबूचा पंखा उचलला आणि भराभरा वारा घ्यायला सुरुवात केली.

नीकनने आकडा सांगून टाकला, जणू पुढचं वाक्य तिच्याच वाट्याचं होतं. बैठक पुढे सरकली. पण टेबलाभोवतीच्या तिघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

संस्था जकार्तात, तेबेतच्या गल्लीतल्या एका जुन्या बैठ्या घरात होती. देशाने वीज कशापासून करावी, किती करावी, कोळशावरची जुनी केंद्रं कधी बंद करावीत, यावर ही संस्था सरकारला अहवाल देई. धुरा चौघांच्या खांद्यावर होती. इबू विदुरी संस्थापक. नीकन उपसंचालक, भौतिकशास्त्र शिकलेली आणि पुरावा दिसल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी. पोल्तक मेदान शहरातला, मोठ्या आवाजाबद्दल प्रसिद्ध असलेल्या बटक जमातीचा; मंत्र्यांशी आणि वर्तमानपत्रांशी बोलणं त्याच्याकडे. त्याचं कुजबुजणंसुद्धा फाटकाबाहेरच्या भजीवाल्याला ऐकू जायचं. आणि हिशेब पाहणारे जुमादी, ज्यांना सगळे मानाने पाक जुमादी म्हणत.

घराला नियम एकच होता: एसी सव्वीस अंशांवर. सव्वीसची शिफारस इबूंनीच पूर्वी सरकारला केली होती, आणि जे लोकांना सांगायचं ते आधी आपण करायचं, हा त्यांचा हट्ट. दाराशी फळा होता. काल या घराने किती युनिट वीज जाळली ते त्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेलं असे. येणाऱ्याने चपला काढता काढता ते वाचावं.

बैठक संपल्यावर इबूंनी नीकनला थांबवून घेतलं.

"पुढच्या महिन्यात मंत्रालयात सुनावणी आहे. तू जा."

"मी येतेच आहे की, इबू. तुमच्याबरोबर."

"माझ्याबरोबर नव्हे, माझ्या जागी. आणि मग ही खुर्चीही तूच घे." त्यांनी पंखा मिटला. "ऑपरेशनने गाठ गेली, बाई. तिच्याबरोबर माझं डोकंही गेलं असावं. आज आकडा हरवला, उद्या माणसांची नावं हरवतील. लोकांनी कीव करायच्या आत उठलेलं बरं."

नीकनच्या गावी आईलाही इबूच म्हणतात आणि वरिष्ठ बाईंनाही इबूच. गेल्या काही वर्षांत या दोन हाकांमधलं अंतर तिच्यापुरतं बरंच कमी झालं होतं.

त्या संध्याकाळी पोल्तकने दोघींना गाडीतून घरी सोडलं. पोल्तकच्या गाडीतला एसी म्हणजे कोळंबी टिकवायला लावल्यासारखा. गाडी पुलाखाली अडकली, आणि मागच्या सीटवरून इबू बोलायला लागल्या. कोणतं केंद्र कुठल्या साली उभं राहिलं, कुणाचा बॉयलर किती कोळसा खातो, कुठल्या सचिवाने कुठल्या बैठकीत काय थाप मारली होती, सगळं एका दमात. राखीव क्षमतासुद्धा, दशांशासकट.

नीकन आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिली. कपाळ कोरडं होतं. पंखा पर्समध्येच होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाकी दोघांना मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली गाठलं. "इबूंचं डोकं ठीक आहे. त्यांना ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी अंगातून गरम लाटा उठतात. लाट आली की माणसाला धड विचार करता येत नाही. सव्वीसमध्ये त्या शिजताहेत."

"मग कमी करू या की एसी!" पोल्तक म्हणाला.

"हळू बोला, बांग!" थोरल्या भावाला हाक मारावी तशी नीकन त्याला बांग म्हणे. "आणि सांगणार कोण त्यांना? तुम्ही?"

पोल्तक झाडावरचे पेरू मोजू लागला.

मग नीकनने बेत सांगितला. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एसीचा थर्मोस्टॅट होता. त्याच्या खालच्या प्लगमध्ये झिरोचा बल्ब लावायचा आणि पुढे नेच्याची कुंडी सरकवायची. बल्बची ऊब लागली की थर्मोस्टॅटला खोली तापलीय असं वाटेल आणि एसी चालूच राहील. वर आकडा सव्वीसच दिसेल.

"आणि मला अंगात वारा शिरेल त्याचं काय?" पाक जुमादींनी विचारलं. थंडीची त्यांना जन्माची धास्ती. पंख्याखालीसुद्धा ते तिरपे बसत.

"तुम्ही नको म्हणालात तर नको, पाक."

त्यांनी खाली पडलेला एक पेरू उचलून पुसला. "इबूंनी मला ठेवून घेतलं, तेव्हा मला कुणी उभं करत नव्हतं," ते म्हणाले. "लाव बल्ब."

बेत फळाला आला. इबूंचा पंखा टेबलावर पडून राहू लागला. सुनावणीच्या मसुद्यातल्या नीकनच्या तीन चुका त्यांनी उभ्या उभ्या काढल्या, आणि पोल्तकने वर्तमानपत्राला दिलेल्या एका वाक्यावरून त्याला असं फैलावर घेतलं की तो खूश होऊन भजी घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात, भर बैठकीत, इबू बोलायच्या थांबल्या. पण या वेळी त्या काही आठवत नव्हत्या. त्या पाक जुमादींकडे पाहत होत्या. जुमादींच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत वर ओढलेली होती.

"पाक, ही खोली कितीवर आहे?"

"सव्वीसवर, इबू."

"मग थंडीत चोळायच्या काजूपुटीच्या तेलाचा वास कुठून येतोय?"

"अंगात जरा वारा शिरलाय."

"सव्वीसमध्ये? इतकी वर्षं या खोलीत नाही शिरला तो?" त्या उठल्या, कुंडीजवळ गेल्या, पानं बाजूला केली. "आणि या नेच्याला रात्रीची भीती वाटते म्हणून दिवा लावलाय का?"

त्यांनी बल्बचं बटण बंद केलं.

"दारातल्या फळ्यावरचा आकडा रोज फुगतोय. मला वाटलं, मीटर बिघडलं."

नीकन जुमादींकडे वळली. "पाक, तुम्ही फळ्यावर खरा आकडा लिहीत होतात?"

"मग काय खोटा लिहू?" जुमादी दुखावले गेले.

पोल्तकने कपाळाला हात लावला. "अरे देवा! प्रामाणिक माणसाला घेऊन कट करायला निघालो आपण!"

इबू हसल्या नाहीत. "सरकारला सांगायचं, आकडे खरे द्या. आणि माझ्याच भिंतीवर मला खोटा आकडा? नीकन, ही तुझी अक्कल."

"हो, माझीच." नीकनने नजर खाली केली नाही. "सव्वीसमध्ये तुम्ही अडखळता. गाडीत नाही अडखळत, आणि आठवडाभर इथेही नाही अडखळलात. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही एसीला हात लावू दिला नसता. आणि कळल्यावर बरं वाटलं असतं, तर ते थंडाव्याने की समजुतीने, ते ओळखता आलं नसतं."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग."

"हो."

"एका माणसावर?" इबूंचा आवाज चढला. "नमुना म्हणून एकच माणूस? हे शिकवलं मी तुला?"

"आमच्याकडे एकच आहे, इबू," नीकन म्हणाली.

इबूंनी चष्मा काढला आणि साडीसारख्या लांब बाटिक शेल्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मला वाटत होतं, मी संपले," त्या हळूच म्हणाल्या. मग चष्मा चढवून नेहमीच्या आवाजात, "पण फळ्यावरचा आकडा उतरला पाहिजे. माझ्या अंगाच्या आगीसाठी हे घर जास्त वीज जाळणार असेल, तर मी घरी बसलेली बरी. यात तडजोड नाही."

बोलले ते पाक जुमादी.

"आपापल्या खोल्यांचे एसी बंद करू. चौघं इथेच बसू. एवढीच खोली थंड ठेवायची, आणि भिंतीवर जो असेल तोच आकडा. तेवीस तर तेवीस."

"पाक, तुम्ही गारठाल," इबू म्हणाल्या.

"दाराजवळ बसेन. जाकीट आहे."

"आणि माझे फोन?" पोल्तक म्हणाला. "मी बोललो तर तुम्हा तिघांना काम सुचेल का?"

"तू अंगणात जाऊन बोल," इबू म्हणाल्या. "फोन लावायचीही गरज नाही. मंत्र्यांना तसंच ऐकू जाईल."

दोन दिवसांत टेबलं हलली. चौघांची कोपरं एकमेकांना लागू लागली. एकाने डबा उघडला की चौघांना भूक लागायची. फळ्यावरचा आकडा पहिल्यापेक्षाही खाली आला. पाक जुमादींनी तो जरा मोठ्या अक्षरात लिहिला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम चालली होती. तेवीस अंशांच्या खोलीत इबू मध्येच अडल्या. "बंद करायच्या केंद्रांत पहिलं नाव..." घाम नव्हता, लाट नव्हती. नाव फक्त येत नव्हतं. नीकनला उत्तर माहीत होतं. तिने ओठ मिटून घेतले.

पोल्तकने भलतंच नाव सांगितलं, खणखणीत आवाजात.

"ते?" इबू उसळल्या. "ते तर अजून बांधून पुरतं झालेलं नाही, गाढवा!" आणि त्या झटक्यात खरं नाव बाहेर पडलं. मग त्या थबकल्या. पोल्तक खिडकीबाहेर पाहत होता, फार निष्पाप चेहऱ्याने.

"उद्या माझ्या शेजारी बस," त्या नीकनला म्हणाल्या. "नाव अडलं तर सांग. लपूनछपून नको, सगळ्यांना ऐकू येईल असं सांग."

"नाही अडणार," पोल्तक म्हणाला. "मंत्रालयात एसी अठरावर असतो. तुम्हीच चार पत्रं लिहिली होती त्यांना त्यावरून."

"पाचवं लिहीन," इबू म्हणाल्या. "पण उद्या संध्याकाळी."

त्यांनी खांद्यावरचा शेला काढला आणि जाता जाता दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसलेल्या पाक जुमादींच्या गळ्याभोवती गुंडाळला.