सातव्या धड्यातली पेन्सिल

मी एक जुना ठोकळा आहे. निदान या ऑफिसात तरी मला तेच म्हणतात. खरं तर मी आठशे चाळीस पानांचं पुस्तक. पण गेली नऊ वर्षं पाठीवर कॉम्प्युटरची स्क्रीन घेऊन बसलोय, आणि आता कसलीच हौस उरलेली नाही.

मित्रांनो, माझा जन्म घाईत झाला. एका कंपनीचा प्रोग्रॅमिंगचा नवा प्लॅटफॉर्म बाजारात यायचा होता आणि प्रकाशकांना मी त्याच दिवशी दुकानात हवा होतो. लेखिका म्हणत होती, “पंधरा दिवस थांबा, त्यांचे बदल अजून चाललेत.” प्रकाशक म्हणाले, “बाई, वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग?” झालं, मी छापला गेलो. शेवटच्या आठवड्यात कंपनीने एक कमांड बदलली आणि माझा सातवा धडा खोटा पडला. दुरुस्तीची चिठ्ठी नंतर निघाली, पण बाइंडरकडे निम्म्या प्रती बांधून झाल्या होत्या. त्यातलाच मी एक.

मला काकूंनी विकत घेतलं. काकू म्हणजे या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर, तेव्हा वय एकावन्न. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, “महिन्याभरात नव्या प्लॅटफॉर्मवर काहीतरी चालवून दाखवा. नाहीतर तुम्हाला फायलींच्या टेबलावर बसवावं लागेल.”

सहा धडे सुरळीत गेले. सातव्यातला नमुना प्रोग्रॅम काही केल्या चालेना. चार दिवस काकू एकेक अक्षर माझ्याशी ताडून पाहत होत्या. चूक माझी, आणि त्या शोधत होत्या स्वतःत. डबा तसाच ठेवून बहिणीला फोनवर म्हणाल्या, “छापलेलं कसं चुकेल गं? माझंच डोकं चालेनासं झालंय. बसते आता फायली लावत.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी काय करणार? मिटलेलं पुस्तक गप्प असतं, आणि उघडलं तरी छापलेलंच बोलतं.

पाचव्या दिवशी त्यांनी मला बाजूला सारलं. प्लॅटफॉर्मसोबत आलेली कमांडची यादी उघडली आणि एकेक करून सगळ्या चालवून पाहिल्या. दुपारी नमुना चालला. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, माझी ती ओळ खोडली, शेजारी खरी कमांड लिहिली आणि खाली लिहिलं, “इथे पुस्तक चुकलंय, तुम्ही नाही.”

काकूंची प्रोग्रॅमरची जागा टिकली. पुढे सगळं ऑफिस मला मागून नेई आणि थेट सातवा धडा उघडी. माझ्या छपाईचं कौतुक कुणी केलं नाही, पेन्सिलीचं मात्र सगळ्यांनी केलं. मग प्लॅटफॉर्म म्हातारा झाला, कंपनीने तो बंद केला, काकू निवृत्त झाल्या, आणि मी स्क्रीनखाली आलो.

परवा काकूंच्या जागेवर बसणाऱ्या नव्या मुलीने मला रद्दीसाठी ओढून काढलं. कुठलासा आणखी नवा प्लॅटफॉर्म पुस्तकावरून शिकताना ती तीन दिवस अडली होती. डोळे लाल झाले होते. मी सवयीने सातव्यातच उघडलो. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. नाक पुसलं, आपलं नवं पुस्तक मिटलं आणि मशीनवर कमांडची यादी उघडली.

मला तिने परत स्क्रीनखालीच ठेवलं. चालायचंच. पण मित्रांनो, थकल्या जिवाचं एवढं ऐका. आम्हाला कव्हरं घाला, पानं दुमडू नका, ते सगळं ठीक आहे. मात्र आमची चूक सापडली तर ती समासात लिहून ठेवा. तुमच्यामागून त्याच पानावर कुणीतरी एकटं बसलेलं असेल.