दाराशी गर्दी नको

तो संपाचा नववा दिवस होता. एवढी वर्षं लोटली, आता काल काय जेवले ते आठवत नाही. पण त्या सकाळी माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो मी सुतळीने बांधला होता, हे लख्ख आठवतं.

संप बसवाल्यांचा. चौथ्या दिवशी कोर्टाने तो बेकायदा ठरवला आणि पाचव्या दिवशी आगाराच्या फाटकावर कामावर न आलेल्यांची यादी लागली. यादीत आमचे हे होते. अकरा वर्षांपासून कंडक्टर. पोलीस घरोघर फिरत होते, पण खरं सांगते, मला पोलिसांची तेवढी भीती वाटत नव्हती. भीती लोकांची वाटायची. ज्यांना हे रोज "सांभाळून आजोबा, घाई नको" म्हणत चढवून घेत, त्याच लोकांची. पुलाजवळ एका ड्रायव्हरला ओळखून गर्दीने धरलं, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. समोरच्या शिंपीणबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. कोणीतरी आमच्या दारावर कोळशाने 'आयतखाऊ' असं लिहिलं. मी पुसलं, तर दुसऱ्या दिवशी तेच, आणखी मोठ्या अक्षरांत.

यांनी मिशा काढल्या. खाकी कपडे गादीच्या खोळीत कोंबले. आरशात बघून म्हणाले, "अगदी हेडक्लार्क दिसतोय की नाही?"

"सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय," मी म्हटलं. त्या नऊ दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

आमची छकुली तेव्हा अडीच वर्षांची. दोन दिवस खोकत होती. त्या सकाळी उठली ती धापा टाकतच. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर पोचलेच नव्हते, ते तरी कसे पोचणार? कंपाउंडरने तिला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, इथे वेळ घालवू नका. मोठ्या हॉस्पिटलात न्या. दुपार होऊ देऊ नका."

मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. टॅक्सी दिसत नव्हती. मालाचे ट्रक माणसं भरून नेत होते, तेवढाच आधार.

"मी एकटी नेते. तुम्ही येऊ नका," मी म्हटलं.

"अगं, कडेवर पोर घेऊन ट्रकवर चढशील कशी? चढायलाच दोन हात लागतात."

ते खरंच होतं. मग ठरलं की हे येतील, पण तोंडातून अवाक्षर काढणार नाहीत.

ट्रक सिमेंटचा होता. मागची फळी काढून टाकलेली. तीस-पस्तीस माणसं उभी, सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या. आत एक थोराड बाई होती, लाँड्रीच्या कारखान्यात कामाला. तिने कोपराने माणसं ढकलून मला कडेला जागा करून दिली. "सरका रे, लेकराला वारा लागू द्या!" आपला रुमाल ओला करून तिने छकुलीचं तोंड पुसलं. आणि त्याच दमात म्हणाली, "बघ बाई, या मेल्या बसवाल्यांपायी हे दिवस आले. नऊ दिवस चालतेय मी. मुकादम म्हणालाय, आज उशीर झाला तर उद्या येऊच नकोस. घरात कमावणारी मी एकटी. एक सापडू दे त्यांतला, माझ्या हाताने सोलते."

"पगारवाढ हवी म्हणे," एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. "आम्हाला काय नकोय का?"

मी मान हलवली. हो, हलवली. तिचं काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. ट्रक हिसके देत होता. जो तो दोरीला, फळीला, दुसऱ्याच्या खांद्याला धरून होता. हे तेवढे पाय फाकवून, हात मोकळे सोडून, मधोमध उभे. अकरा वर्षांची सवय. मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी पाहिलं नाही. ते पोरीकडे बघत होते.

चौकात ट्रक थांबला आणि मागून पंधरा-वीस जण एकदम घुसले. सगळी गर्दी आमच्या अंगावर आली. माझी पाठ बाजूच्या फळीला घासली, छकुली माझ्या छातीवर चेपली गेली. तिचे ओठ निळसर दिसू लागले. मी ओरडणार, एवढ्यात तो आवाज आला. मोठा, सरळ, सगळ्यांच्या डोक्यांवरून जाणारा.

"चला, मधे सरका, मधे जागा आहे! दाराशी गर्दी नको!"

आणि फळीवर दोन थापा.

माणसं खरोखर सरकली. ड्रायव्हरने गाडी सोडलीसुद्धा. छकुलीला श्वास मिळाला.

"ट्रकला दार कुठलं हो साहेब?" चष्मेवाले म्हणाले आणि चारजण हसले. मग ते हसणं थांबलं. असं थांबलं, की मला इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

"कंडक्टर आहे हा," कोणीतरी म्हणालं. "गाडी थांबवा!"

गाडी थांबली. कोणी कॉलर धरली, कोणी केस. लाँड्रीवाली माझ्याकडे वळली. "तुझ्याबरोबर चढला ना गं हा? नवरा ना तुझा?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "बाईंची माझी ओळख नाही. मूल वर घ्यायला हात दिला, एवढंच." माझ्याकडे बघितलंदेखील नाही.

मी बोलले असते तर आम्हा तिघांना तिथेच उतरवलं असतं.

त्यांना खाली ओढत होते, तेव्हा छकुलीने मान उचलली, त्यांच्याकडे हात केला आणि म्हणाली, "बा..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. ज्या पोरीला श्वास मिळावा म्हणून आम्ही जीव मुठीत धरून निघालो होतो, तिचंच तोंड मी दाबून धरलं. ती माझ्या हातात माशासारखी तडफडली. लाँड्रीवाली माझ्या हाताकडे बघत होती. तिला कळलं होतं. एक शब्द तिने उच्चारला असता, तर संपलंच होतं.

ती मागे वळून खेकसली, "उतरवला ना त्याला? मग गाडी हाणा की! लेकरू निळं पडतंय इथे!"

ट्रक निघाला. यांच्या मागोमाग पाच-सहाजण खाली उड्या टाकताना मला दिसले. मग वळण आलं.

लाँड्रीवालीने माझी बोटं एकेक करून पोरीच्या तोंडावरून सोडवली. "घेऊ दे तिला श्वास," हळूच म्हणाली. "आता तो लांब राहिला."

हॉस्पिटलात तिला ऑक्सिजन लावला. हे आले ते संध्याकाळी, चालत. एक डोळा बंद, शर्टाला बाही नाही. डाव्या कानाने त्यांना पुढे कधी ऐकू आलं नाही. दारातून विचारलं, "आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

मुलगी बरी झाली. पण पुढे कितीतरी दिवस मी तोंड धुवायला हात नेला की ती मान फिरवायची, किंचाळायची. शेजारपाजारचे म्हणत, हट्टी आहे पोर. हे माझ्या हातातला तांब्या काढून घेत आणि तिचं तोंड स्वतः धूत.