उदाचं डालं

धरणगावात भिकुबाईच्या डाल्याला मान होता. डालं म्हणजे बांबूची उलटी घातलेली मोठी टोपली. खाली गोवरीच्या निखाऱ्यांची शेगडी, वर न्हालेल्या बाईचे केस पसरलेले आणि अधूनमधून चिमूटभर उदाची धुरी. गल्लीतली बाळंतीण असो की नवरी, थंडीत केस वाळवायला भिकुबाईलाच बोलावणं यायचं. तिचे नियम कडक होते. निखाऱ्यावर बोटभर राख हवी, डाल्याचा बांबू शेगडीपासून वीतभर वर हवा, केस वाळेतो कोणी बोलायचं नाही. "निखारा दिसना का केस गयात समज," असं ती प्रत्येकीला बजावायची. तीस वर्षांत तिच्या हातून कुणाची एक बटही करपली नव्हती, आणि त्याचा तिला गर्व होता. असावाच की.

तिची सून मंजुळा मात्र त्या डाल्याला भ्यायची. निखाऱ्याचं भय नव्हतं, भय होतं सासूच्या बोटांचं. केस पसरता पसरता भिकुबाई अख्खं डोकं वाचून काढायची. दिवाळीला माहेरी गेलेली मंजुळा बहिणीच्या पोरांत झोपली आणि येताना डोक्यात उवा घेऊन आली. सासू वाईट नव्हती, पण स्वच्छतेच्या बाबतीत तिची जीभ विळ्यासारखी चालायची. शेजारच्या सुनेच्या डोक्यात लिखा निघाल्या तेव्हा तिचं माहेर महिनाभर ओट्याओट्यावर निघत होतं. मंजुळाने एका दुपारी घर रिकामं बघून डोक्याला घासलेट चोळलं, तासाभराने शिकेकाईने दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं. उवा मेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकण्याआधीच त्यातलं थोडं सांडलं होतं. तिची धाकटी नणंद वच्छी, अकरा वर्षांची, रात्री तिच्याच गोधडीत झोपायची. वहिनी म्हणजे वच्छीचा जीव की प्राण.

त्या माघात घरोघरी लग्नाची घाई उडाली होती. चैत्र लागला की चौदाच्या आतल्या पोरीचं लग्न करणं गुन्हा ठरणार, असा सरकारचा नवा कायदा येत होता आणि जो तो त्याआधी पोरगी उजवायला धावत होता. वच्छीला बघायला धुळ्याची माणसं येणार होती, तीही संध्याकाळच्या आगगाडीने. सोबत मुलाची आत्या. ही आत्या वेणी सोडवून केस मुळापासून बघते, असा तिचा लौकिक आधीच येऊन पोचला होता.

सकाळी भिकुबाईने लेकीला घाईघाईने न्हाऊ घातलं आणि केस विंचरायला सुनेच्या हवाली केलं. मागच्या खोलीत मंजुळाने फणी घातली. कानामागे उवा होत्या, एकदोन नाही, चांगल्या रांगेने. आत्या बघणार. मग सासू विचारणार, पोरीच्या डोक्यात आल्या कुठून. मग मंजुळाचं माहेर, मंजुळाची आई, सगळं चव्हाट्यावर.

कोनाड्यात घासलेटची बाटली होती. तिने ओंजळभर ओतून वच्छीच्या ओल्या केसांत मुळापासून टोकापर्यंत जिरवलं. सासू दुपारी देवीला ओटी भरायला जाणार होती. तेवढ्यात परत न्हाऊ घालता येईल, कुणाला कळणारही नाही.

"कोनले सांगानं नही, बरं का."

"नही सांगसू, वैनी."

"मायलेबी?"

"मायलेबी नही." डोळे झोंबत होते तरी पोरगी हसली. गुपित मिळाल्याचा तिला आनंदच झाला होता.

खोटं लपवायला माणसाला फार अक्कल येते. खोलीत वास भरला होता, म्हणून मंजुळाने कोनाड्याखाली मुद्दाम थोडं घासलेट सांडलं आणि त्यावर फडकं टाकलं. व्हायचं तेच झालं. भिकुबाई दारात येऊन थबकली.

"घासलेटना वास कसा ई राहिना वं?"

"कंदील भरतांना सांडनं, आत्याबाई." सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

सासूने फडक्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाहुण्यांसाठी गोड विहिरीचं पाणी आणायला तिला धाडलं. नाही कसं म्हणणार? गोड विहीर गावाबाहेर, जाऊन येऊन अर्धा तास. मंजुळाने मनाशी हिशेब मांडला की सासू निघायच्या आत आपण परत येऊ. ती घागर घेऊन निघाली. आभाळ भरून आलं होतं, सकाळपासून उन्हाचा पत्ता नव्हता.

विहिरीवर तिची घागर भरत आली होती तेव्हा गल्लीतली भागाबाई पोचली.

"पाव्हना उनात वं तुमना. वेसजोडे गाडी उभी शे. तू आठे काय करी राहिनी?"

पाहुणे आधीच्याच आगगाडीने आले होते. मंजुळाला आधी वाटलं, आता केस धुणं राहिलं, आत्याला उवा दिसणार. मग तिने वर आभाळाकडे पाहिलं. ऊन नाही. पाहुणे वेशीत. पोरीचे केस ओले. अशा वेळी भिकुबाई काय करणार, हे गावातल्या कुणीही सांगितलं असतं.

दोर हातातून सुटला, घागर विहिरीत गेली. धरणगावच्या भर रस्त्यातून सून धावत होती, डोक्यावर पदर नव्हता आणि बघणाऱ्यांना काय वाटेल हा विचार आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आला नाही. वच्छी सांगेल, ती स्वतःला समजावत होती. शेगडी बघून भिईल आणि सांगून टाकेल. पण वच्छी सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनेच तर वचन घेतलं होतं.

ती दारात पोचली तेव्हा सगळं नेहमीसारखं, नियमाप्रमाणे चाललं होतं. निखाऱ्यावर बोटभर राख होती, डालं वीतभर वर होतं. वच्छी गोधडीवर उताणी पडून ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती. भिकुबाईने उदाची चिमूट टाकली.

"आत्याबाई, नको," एवढंच मंजुळाच्या तोंडून निघालं.

राखेतून बोटभर ज्योत उठली आणि पुढच्या क्षणी डालं पेटलं. आग केसांवरून पोरीच्या डोक्याकडे धावली. मंजुळाने दारातली गोधडी ओढली, वच्छीच्या डोक्यावर टाकली आणि वर स्वतः पडली. हात पोळले ते तिला नंतर कळलं.

गोधडी काढली तेव्हा वच्छी जिवंत होती. डाव्या बाजूचे केस मुळापर्यंत गेले होते, कान आणि गाल सोलवटून लाल झाले होते. खोलीत जळक्या केसांचा उग्र दर्प कोंडला होता. बाहेर बैलगाडीची घुंगरं थांबली आणि कुणीतरी खाकरलं.

भिकुबाई शेगडीसमोर बसूनच होती. ती उघड्या बोटांनी राख चाचपत होती, निखारा कुठे उघडा राहिला ते शोधत होती.

"मन्हाच हातनं व्हयनं हाई," ती पुटपुटली. "ऊद जास्ती पडना. मन्हंच चुकनं."

मंजुळा बोललीच नसती तर हे असंच राहिलं असतं. म्हातारीने ते जन्मभर स्वतःच्या माथी घेतलं असतं आणि डालं पुन्हा हातात धरलं नसतं. मंजुळाला हे त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तरीही तिची जीभ उचलेना. त्याची लाज तिला पुढे मरेपर्यंत पुरली.

तेवढ्यात वच्छी हुंदके देत उठून बसली. तिला कुणी काहीही विचारलं नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "वैनीनी मन्हा केसले कायबी लावं नही."

भिकुबाईची राखेतली बोटं थांबली. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग कोनाड्याखालच्या फडक्याकडे, आणि शेवटी सुनेकडे. बाहेरून मंजुळाचे सासरे नाना पाहुण्यांना पाय धुवायला पाणी मागत होते.

"लावं, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. "मीच लावं. घासलेट."

वच्छीने वहिनीकडे पाहिलं. आपण तर काहीच सांगितलं नाही, मग वहिनीनेच का सांगितलं, हे तिला कळत नव्हतं.