चोरखिशातील तिकिटे

सुज्ञ वाचकहो, प्रथमतः सर्वांस नमस्कार. युरोप खंडाच्या पहिल्या प्रवासास निघणाऱ्या संसारी माणसाने कोणती दक्षता घ्यावी, सोबत काय न्यावे, काय नेऊ नये, आणि तेथे गेल्यावर आपल्या माणसांशी कसे वागावे, याविषयी माझ्या अल्पमतीनुसार चार शब्द मी येथे निवेदन करणार आहे. त्यांतील शेवटचा विषय मला फार जड जाणार आहे. तो ऐन वेळी गाळण्याचा मोह होऊ नये, एवढ्यासाठीच त्याची घोषणा आरंभी करून ठेवत आहे.

मी व्यवसायाने शिंपी आहे. जिन्याखाली माझे दुकान आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, परंतु गळ्यात टेप असल्यामुळे लोक मला मास्तर म्हणतात. आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल माझ्याकडे विजारी शिवून घेतात. त्यांच्या कमरेचे माप घेत असता ते म्हणाले, "मास्तर, यंदाच्या वार्षिक अंकात युरोपवर लिहा."

"मी? अहो, साधा अर्ज लिहिताना मला घाम फुटतो."

"आपल्या गल्लीत युरोप पाहिलेला दुसरा आहे कोण? लिहा. आणि पोटाला जरा सैल धरा."

विजार सैल धरली. लेख मात्र सैल धरून चालणार नाही, असे मी ठरविले आहे.

पहिली सूचना पादत्राणांविषयी. नवे बूट घालून विमानात बसू नये. ते महिनाभर आधी घालून रोज बाजारास जावे. तेथे चालावे फार लागते, आणि पायास फोड आला की समोरचा राजवाडाही डोळ्यांत खुपतो. दुसरी सूचना सामानाची. आपली बॅग आपण स्वतः तीन जिने चढवून पाहावी. तेथे हमाल दिसत नाही, आणि आमच्या मुक्कामाच्या जागी लिफ्ट कपाटाएवढी होती. तिच्यात एक तर बॅग मावे, नाही तर माझे साडू. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून भूक लागली की घड्याळ पाहावे, आकाश पाहू नये. विमानात हातातील पिशवीत कात्री ठेवू नये. माझी कात्री तपासणीच्या माणसाने काढून एका टोपलीत टाकली. पंचवीस वर्षे माझ्या अंगठ्यात बसलेली ती कात्री होती. त्याला मी हात जोडले, त्यानेही मला हात जोडले, आणि कात्री राहिली टोपलीतच.

आता मूळ विषयाकडे येतो.

आम्ही चौघे गेलो होतो. मी, माझी पत्नी, तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. साडू कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे इंग्रजी चांगले, आणि माझ्यावर त्यांचा स्नेहही चांगला. पण तो स्नेह चिमटे काढल्यावाचून त्यांना दाखविता येत नाही. निघण्यापूर्वी ते म्हणाले, "मास्तर, चौघांची तिकिटं माझ्याकडे राहू द्या. तुम्ही सुईदोरा सांभाळा."

मला ते लागले. मी उत्तरलो, "आमची आम्ही सांभाळू. तिकडं खिसेकापू फार, असं ऐकतो. माझ्या शिलाईला हात घालून दाखवा म्हणावं."

डोंगरावरच्या थंडीसाठी मी पत्नीला आयुष्यात प्रथमच लोकरी विजार शिवून दिली होती. तिच्या आत, मांडीच्या बाजूस, अस्तराला लागून मी एक चोरखिसा केला. खिसा असा बेमालूम, की बाहेरून हात फिरविला तरी कळू नये. तोंडाला दोन हुक. आमचे पासपोर्ट आणि रेल्वेची तिकिटे त्यात. आपल्या हातच्या कामाचा माणसाला गर्व होतो तो असा.

चौथ्या दिवशी आगगाडीने एका डोंगराच्या पायथ्याशी जाऊन, तेथून तारेवरच्या पाळण्यात बसून बर्फापर्यंत चढायचे होते. बर्फ ही थोरल्या मेहुणीची बालपणापासूनची इच्छा. गुडघे दुखत असताना त्या आल्या होत्या त्या केवळ बर्फाला हात लावण्यासाठी. सकाळी खोलीत पत्नी म्हणाली, "अहो, एक हुक निघालाय. खिसा उघडा राहतोय."

मी तिला विजार उतरवून द्यावयास सांगितले, सुई घेतली, दोरा दुहेरी ओवला आणि तिकिटांसकट खिशाचे तोंड शिवून टाकले. कात्री नव्हती, म्हणून दोरा दातांनी तोडला. ती म्हणाली, "आणि वाटेत लागलं तर?"

"फाटकात एकदा दाखवली की झालं. ती तर साडूंनी काल चौघांची दाखवून शिक्के घेतलेत. आता कोण विचारतंय?"

न्याहारीच्या वेळी साडूंनी पुन्हा टोचले. "मास्तर, तिकिटं आहेत ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "किल्ल्यात आहेत, किल्ल्यात."

गाडी सुटून अर्धा तास झाला असेल. गणवेशातील एक तिकीट तपासनीस बाई आल्या. साडूंनी आपली दोन तिकिटे दाखविली. मग बाई आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

पत्नी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, खिसा तुम्ही शिवून बंद केलाय. आता इथं मी काय करू?"

हे मला ऐकू आले. मला ऐकू आले, वाचकहो, ही गोष्ट मी आजवर कोणास सांगितलेली नाही. तिचे शब्द मला स्पष्ट समजले. समोर साडू हसू दाबून बसले होते. सगळा डबा पाहत होता. शिवणकामात पंचवीस वर्षे घातलेला माणूस स्वतःच्या बायकोच्या विजारीत तिकिटे शिवून बसला आहे, हे आता चारचौघांत इंग्रजीत सांगितले जाणार, या विचाराने माझे कान तापले. आणि मी मोठ्याने म्हणालो, "म्हणजे? हरवलीस? एवढी दोन तिकिटं सांभाळता येत नाहीत तुला?"

तिने माझ्याकडे पाहिले. एकदाच पाहिले. मग मान खाली घातली.

"अगं, अशी कशी गं वेंधळी तू!" थोरल्या मेहुणी म्हणाल्या. "लहानपणी पाटी हरवायचीस, आता तिकिटं!"

तपासनीस बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुढच्या स्थानकावर उतरण्यास सांगितले. आमच्यापायी साडू आणि मेहुणीही उतरले. पत्नी स्थानकातील स्वच्छतागृहात गेली. मी बाहेर तिचा कोट हातावर घेऊन उभा. आतून कितीतरी वेळ कोणी आले नाही. माझा टाका दुहेरी दोऱ्याचा, जवळजवळ घातलेला. तो कशाने उसवणार, हे मला ठाऊक होते, आणि मी कोटाची बटणे मोजीत उभा होतो.

ती आली. तिच्या हातात तिकिटे होती. खालचा ओठ सोलवटलेला, आणि ओठाच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला होता.

"कुठं सापडली गं?" बहिणीने विचारले.

"होती तिथंच होती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत थांबली.

बोलण्याची ती वेळ होती. दुसऱ्या कोणाचीही पाळी नव्हती, माझीच होती. मी म्हणालो, "बघा! म्हणजे होती की जवळ!" एवढे बोलून मी तिचा कोट तिच्या अंगावर घातला. जणू मी उपकारच केले.

पुढची गाडी दीड तासाने मिळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा डोंगरावर वारा सुटल्यामुळे पाळणे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्हाला दुसऱ्या गावी जायचे होते. मेहुणी पायथ्याशी एका बाकावर बसून वरच्या पांढऱ्या शिखराकडे बघत राहिल्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिच्यापायी गेला बर्फ. माझ्या नशिबातच नव्हता." पत्नी त्यांचे गुडघे चेपीत बसली.

त्यानंतर साडूंना विषयच मिळाला. प्रत्येक स्थानकावर ते माझ्या पत्नीला हाक देत, "मेव्हणीबाई, नवरा आहे ना जवळ? का तोही हरवला?"

"आहे की," ती हसून म्हणे. "इथंच आहे."

ती हसे म्हणून मी मनाची समजूत घातली, की तिला काही वाटत नाही. मनाला समजावणे हे कापडाला समजावण्याइतकेच सोपे असते. ओढावे तसे ओढले जाते. धुतल्यावर मात्र ते आटते.

घरी आल्यावर ही कथा सर्व नातलगांत फिरली. दोन वर्षे फिरली. मीही ती ऐकून हसत असे. मग गेल्या महिन्यात मेहुणीच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. आमच्या नातलगांत कोणतेही कार्य असो, दागिन्यांच्या खोलीच्या किल्ल्या माझ्या पत्नीच्या कमरेला असत. कोणी तसे ठरविलेले नव्हते. ते तसेच होते. या वेळी ती सवयीने हात पुढे करून उभी राहिली, आणि बहीण म्हणाली, "नको गं बाई, तू नको. तुझं काय, तू युरोपात तिकिटं हरवतेस." सगळ्या हसल्या. किल्ल्या बहिणीच्या एका जावेकडे गेल्या. पत्नी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. कधी एक हात कमरेकडे जाई आणि परत येई. दिवसभर तिच्या हातांना काम सापडले नाही.

तेव्हा मला कळले की मी काय शिवून बंद केले होते.

म्हणून हा लेख. मी आठ दिवस खपून तो येथपर्यंत लिहिला, अवघड शब्द ग्रंथपालांना विचारले, आणि काल दुपारी पत्नीला वाचून दाखविला. ती हुक लावीत बसली होती. शेवटपर्यंत तिने सुई थांबविली नाही. वाचून झाल्यावर मी म्हटले, "आता छापून येईल. सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" ती म्हणाली. "ताई वाचते का कधी अंक? तिला चष्मा लावायचा कंटाळा."

मी कागदांची घडी घालू लागलो.

"दोन वर्षं बोलायला तोंड नव्हतं, आता आठ दिवस लिहायला हात आहे. फोन लावा."

वाचकहो, लेख लिहिणे सोपे होते. तिकडे मेहुणींनीच फोन उचलला. मी पहिल्या वाक्यात अडखळलो, दुसऱ्यात 'प्रस्तुत' हा शब्द आला, तो मी सोडून दिला आणि सरळ म्हणालो, "ताई, तिकिटं हिनं हरवली नव्हती. मी तिच्या विजारीत शिवून टाकली होती. तिनं मला डब्यात सांगितलं, मी ऐकलं, आणि तरी तिच्यावर ओरडलो. तुमचा बर्फ माझ्यामुळं गेला."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ती दोन वर्षं..." आणि थांबल्या. "तुमच्याशी नंतर बोलते. तिला द्या फोन."

मी फोन दिला. पत्नी तो घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा मला अधिकार नाही. एकदा हसल्यासारखे वाटले, एकदा रडल्यासारखे. दोघींतील कोणती हसली, कोणती रडली, हेही समजले नाही.

बाहेर आल्यावर तिने पुन्हा सुई हातात घेतली. दोरा ओवता ओवता म्हणाली, "एक राहिलं तुमच्या लेखात."

"काय?"

"मी टाका दातांनी उसवला ते नीट लिहा. नाहीतर लोकांना वाटेल, कात्री होती."

ते मी येथे लिहिले आहे. कात्री नव्हती. तो दुहेरी दोऱ्याचा टाका तिने एकटीने, परक्या मुलुखात, दातांनी उसवला.

तेव्हा अंतिम सूचना अशी. चोरखिसा अवश्य शिवावा, परंतु त्याचे तोंड उघडे ठेवावे, आणि आपलेही. एवढ्या दीर्घ लेखनाबद्दल क्षमा मागून, आणि शेवटपर्यंत वाचल्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून येथेच थांबतो.

आपला,
जिन्याखालचा मास्तर